बसयूनीने बुजवलेला उंबरा

अलेक्झांड्रियाच्या पश्चिमेला, मेक्सच्या अंगाला ज्यांनी टॅक्सी चालवली, त्यांना बसयूनी नावाने ठाऊक नसला तरी हाताने ठाऊक होता. चहाच्या दुकानापुढे एखादी काळी-पिवळी लाडा उभी असली की कुणीतरी तिच्या दारावरून तळवा फिरवायचा आणि म्हणायचा, "ही बसयूनीकडून आलेली दिसते." रंग असा बसलेला असायचा की पाण्याचा थेंब त्यावर थांबत नसे.

माणूस दिसायला काहीच नव्हता. बुटका, पापण्यांवर कायम राखाडी धूळ, छातीत बारीक शिट्टी वाजणारा खोकला. बोलणंही बेताचंच. तेराव्या वर्षी तो मिहरान नावाच्या एका म्हाताऱ्या आर्मेनियन रंगाऱ्याकडे कामाला लागला आणि त्याच्याच हाताखाली विशीचा झाला. मिहरानला एकच वेड होतं. गंज. प्रायमरखाली मसुरीच्या डाळीएवढा फोड दिसला तरी तो नखाने टोकरायचा आणि सगळं दार पुन्हा घासायला लावायचा. "वर डाळ दिसते ना, आत भाकरीएवढं भोक असतं," म्हणायचा. चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासायचं, तेजाब लावायचं, धुवायचं, सुकवायचं, आणि त्याच दिवशी प्रायमर मारून मोकळं व्हायचं. मेक्सच्या वाऱ्यात मीठ इतकं की संध्याकाळी उघडा ठेवलेला पत्रा सकाळी लाल झालेला असायचा.

मिहरान गेल्यावर बसयूनीने कातडी कमावण्याच्या कारखान्यांमागच्या गल्लीत स्वतःचं वर्कशॉप टाकलं आणि लोक त्याला उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणू लागले. त्या वासाला गिऱ्हाईक नाक मुरडायचं, पण यायचं. बायको नगात, एक मुलगी हनान, तीही लग्न होऊन तांता शहरात गेलेली. शुक्रवार सोडून रोज काम. असं तीस वर्षं चाललं.

त्याचा एक जुना दोस्त होता, अवद. दोघं फौजेत एका तंबूत राहिले होते. अवदच्या तीन टॅक्सी होत्या. पाठीचं दुखणं जडल्यापासून तो स्वतः चालवत नसे, तिन्हींवर ड्रायव्हर ठेवले होते. त्यातल्या एका लाडाला आदल्या शरदात त्याने बसयूनीकडून प्रायमर मारून घेतला होता आणि "वरचा रंग पुढच्या आठवड्यात" म्हणून गाडी नेली होती. तो पुढचा आठवडा फेब्रुवारीच्या शेवटी उगवला. एका मंगळवारी अवद गाडी घेऊन दारात उभा.

बसयूनीने गाडीभोवती एक चक्कर मारली. राखाडी प्रायमरवर जागोजागी बारीक पुळ्या उठल्या होत्या. तो दाराखालच्या उंबऱ्यापाशी उकिडवा बसला.

"हिवाळाभर प्रायमरवर फिरवलीस?"

"मग काय झालं? राखाडी का असेना, रंगच ना तो?"

"रंग कसला! हा पाणी पितो, अवद. हिवाळाभर समुद्राचं पाणी पाजलंस याला." त्याने पाना-पेचकस ठेवायच्या डब्यातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि उंबऱ्यावर टेकवून नुसता दाबला. मुठीपर्यंत आत गेला.

"अरे, अरे! भोसकतोस काय माझ्या गाडीला!"

"भोसकायला आत काही असायला हवं ना. हे बघ." बसयूनीने स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढला. त्याच्यामागून लाल भुगा जमिनीवर सांडला, चहाची पत्ती सांडावी तसा. "दोन्ही बाजू गेल्यात. जॅक बसतो ती खाच नुसत्या गंजावर उभी आहे. हे कापून नवा पत्रा वेल्ड करायला हवा. दहा दिवस."

"शनिवारी परवान्याची तपासणी आहे."

"मग तपासणी पुढे ढकल."

"ढकलतो. आणि दहा दिवस हिल्मीच्या घरी चूल कोण पेटवणार, तू? त्याला एक पोर आहे शाळेत जाणारी." हिल्मी म्हणजे या गाडीवरचा ड्रायव्हर. "एवढा शनिवार निघू दे, उस्ता. उन्हाळ्यात आणून टाकतो तुझ्या दारात. मग काप, जाळ, काय हवं ते कर."

बसयूनीने स्क्रू ड्रायव्हर पुसून डब्यात ठेवला. मिहरान असता तर त्याने अवदला चावीसकट हाकलून दिलं असतं. पण मिहरानचा फौजेतला दोस्त कुणी नव्हता.

"बरं. पण नीट ऐक," तो शेवटी म्हणाला. "या खाचेत जॅक लावायचा नाही. कधीच नाही. पंक्चर झालं तर मागच्या ॲक्सलखाली लावायचा. तिथे आता लोखंड नाही, समजलं?"

"समजलं."

"समजलं नको म्हणूस. हिल्मीला सांग."

"सांगतो रे बाबा! माझी आईसुद्धा इतकं बजावत नव्हती."

पुढचे तीन दिवस, शुक्रवारची सुट्टीही मोडून, बसयूनीने ते काम केलं. गंज तारेच्या ब्रशने झाडला, पोकळीत वर्तमानपत्रांचे बोळे कोंबले, त्यावर काचेच्या धाग्याचं कापड चिकटवलं, वर पुट्टी ओढली. असं काम गल्लीतले बाकीचे रोज करत. त्याने मात्र आजवर केलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, करताना त्याचा हात रमला. उंबऱ्याची धार, जॅकच्या खाचेची चौकोनी कड, सगळं त्याने पुट्टीतून असं कोरून काढलं की कारखान्यातून आलेला पत्रा वाटावा. पाणी मारून घासलं, प्रायमर दिला, काळा रंग दिला. संपल्यावर तो चार पावलं मागे जाऊन बघत उभा राहिला. त्याला स्वतःलाही कुठे काही दिसेना.

शुक्रवारी संध्याकाळी गाडी न्यायला अवद आला नाही. हिल्मी आला. चाळिशीचा, काटकुळा माणूस, आधी कापड गिरणीत होता. ती बंद पडल्यावर टॅक्सीवर आलेला. हातात उस्तासाठी पेरूंची पिशवी. गाडी पाहून तो थबकला. मग खाली बसला आणि उंबऱ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत गेला.

"काय केलंत हे, उस्ता! आरसाच केलात की. माझी नदा यात बघून वेणी घालेल."

शब्द बसयूनीच्या ओठांवर आले होते. तिथे जॅक लावू नकोस. एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की, का, हे सांगावं लागलं असतं. हा माणूस ज्यावरून हात फिरवतोय, ज्याला आरसा म्हणतोय, त्याच्या आत कालचा पेपर आहे असं सांगावं लागलं असतं. आणि तसंही, अवद सांगणारच होता.

"सांभाळून चालव," तो म्हणाला.

"तुमच्या कृपेने!" हिल्मी हसला आणि गाडी काढली.

गाडी तपासणीत पास झाली. उन्हाळा आला. बसयूनीने अवदला दोनदा आठवण केली. "पुढच्या महिन्यात," अवद दोन्ही वेळा म्हणाला. एकदा चौकात ती लाडा त्याच्या पुढ्यातच येऊन थांबली, तेव्हा त्याला उंबऱ्याच्या मागच्या टोकाला एक फोड दिसला. डाळीएवढा. हिल्मीने खिडकीतून हात केला. सिग्नल सुटला.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी, अकराच्या सुमारास, दिखेलाच्या रस्त्यावर त्या गाडीच्या सायलेन्सरचा आकडा तुटला आणि नळी रस्त्यावर घासू लागली. हिल्मीने पॅसेंजर उतरवून दिले. जवळच्या चहावाल्याकडून तारेचा तुकडा मागून घेतला. डाव्या उंबऱ्याच्या खाचेत जॅक लावून गाडी उचलली आणि तार दातात धरून तो पाठीवर आत सरकला. चहावाला नंतर सांगत होता, आवाज म्हणजे काय, सुकी फांदी मोडावी तेवढाच झाला. सहा जणांनी मिळून गाडी उचलली. दवाखान्याच्या फाटकापर्यंत हिल्मी जिवंत होता.

वर्कशॉपात ही बातमी दुपारी चहा घेऊन येणाऱ्या माणसाने आणली. बसयूनीच्या हातात सँडपेपर होता. त्याने पहिलं काय विचारलं, तर, "जॅक कुठे लावला होता?"

चहा आणणारा त्याच्याकडे बघतच राहिला. "माणूस मेला, उस्ता. तुम्हाला जॅकचं काय पडलंय?"

मातमाच्या मांडवात बसयूनी गेला. कडू कॉफी घेतली. घरच्या माणसांच्या रांगेत अवदही उभा होता, मालक म्हणून. "त्याचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो," असं येणारे म्हणत होते आणि अवद मान हलवत होता. बसयूनीचा हात त्याने घट्ट धरला, पण नजर मांडवाच्या कनातीवर ठेवली. आजूबाजूला सगळे एकच बोलत होते. नशीब. वेळ भरली होती. रोज हजार माणसं गाडीखाली शिरतात.

पोलिसांनी अपघाताची नोंद केली आणि तीन आठवड्यांनी गाडी सोडली. अवदने ती दोरखंडाने ओढवून बसयूनीच्या दारात आणली. डाव्या बाजूचा उंबरा फाटून लोंबत होता आणि त्यातून वर्तमानपत्राचा बोळा बाहेर आला होता. फुटबॉलचं पान होतं. अर्धा खेळाडू दिसत होता.

"बुजव," अवद म्हणाला. "विकतोय. डोळ्यांपुढे नको मला ही."

"तू हिल्मीला सांगितलं होतंस?"

अवदने खिशातून सिगारेट काढली, पेटवली नाही. "तपासणीची गडबड होती. राहून गेलं रे." त्याने सिगारेट बोटांत चुरगळली. "रोज ठरवायचो. मग वाटायचं, आता उन्हाळा आलाच आहे, गाडी तुझ्याकडे येणारच आहे."

"राहून गेलं."

"हो, राहून गेलं! आणि तू? गाडी तुझ्या हातून कुणी नेली? मी? तोच घेऊन गेला ना? इथे तुझ्यासमोर उभा होता, पेरू देऊन गेला. तेव्हा तुझ्या तोंडात काय पुट्टी भरली होती?"

बसयूनीने लोंबणारा बोळा ओढून काढला. गल्लीत पलीकडे कुणीतरी पत्रा ठोकत होतं.

"मी बुजवणार नाही," तो म्हणाला.

"नको बुजवूस आज. उद्या कर. तुझं डोकं ठिकाणावर नाही." अवद गाडी तिथेच ठेवून गेला.

दुपारी नगात जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा वर्कशॉपचं दार अर्धं ओढलेलं होतं आणि आत ग्राइंडर चालू होता. बसयूनीने गाडीचे दोन्ही उंबरे या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडे केले होते. जमिनीवर पुट्टीच्या खपल्या, ओले बोळे आणि लाल भुग्याचा ढीग. कापता कापता तो मागच्या चाकापर्यंत गेला होता. चकचकीत पत्रा कुठेच लागला नव्हता. त्याने नगातला गाडीचं सगळं सांगितलं. ती डबा मांडीवर घेऊन ऐकत राहिली.

"आणि आता काय करणार आहेस?"

"त्या बाईला सांगतो."

"काय सांगतोस? तिचा माणूस परत येणार आहे का? तिने अल्लाची मर्जी म्हणून कसंतरी मन घट्ट केलं असेल. तू जाऊन ते उसवणार."

"मला झोप येत नाही, नगात."

"मग असं म्हण ना. म्हण, मला झोप हवीय, म्हणून जातो." तिने डबा बाकावर आदळला. "हनानच्या सासरी काय तोंड दाखवू मी?"

तो दुसऱ्या दिवशी जुहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजानंतर गेला. वरदियानमधल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. हिल्मीची बायको, तिला सगळे उम्म नदा, म्हणजे नदाची आई, म्हणत, दुकानदारांच्या पँटींचे काठ दुमडून देत असे. मुलगी शाळेत गेली होती. खुर्चीवरचा पँटींचा ढीग बाजूला करून तिने त्याला बसायला सांगितलं, चहाचं विचारलं. त्याने नको म्हटलं आणि उभ्यानेच सांगायला लागला. प्रायमर, गंज, वर्तमानपत्र, अवद, जॅक. मधेच त्याला रडू कोसळलं. तिची सुई थांबली नाही.

त्याचं बोलून संपलं. तिने धागा दातांनी तोडला.

"मालकाने त्याला सांगितलं नाही."

"नाही."

"आणि तुम्ही?"

"गाडी न्यायला तोच आला होता. मीही सांगितलं नाही."

"का?"

"तो कामाची तारीफ करत होता," बसयूनी म्हणाला. आजवर हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, नगातलाही नाही. "मला लाज वाटली."

उम्म नदाने पँट घडी करून ठेवली. दुसरी घेतली. पण सुईत धागा ओवता येईना, तेव्हा तिने ती तशीच मांडीवर राहू दिली.

"लोक मला म्हणत होते, नशीब. नशिबावर रागावता येत नाही, म्हणून मी निजत तरी होते. तुम्ही ओझं घेऊन आलात आणि इथे उतरवलंत. आता हे मी कुठे ठेवू, सांगा? तुमच्यावर चिडू म्हटलं, तर तुम्हीच माझ्या दारात रडताय."

त्याने मान खाली घातली.

"काय म्हणाला तो? तारीफ करताना?"

"म्हणाला, आरसा केलात. माझी नदा यात बघून वेणी घालेल."

ती उठली आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. खाली कुणीतरी गाढवगाडीवरून गॅसची टाकी वाजवत चाललं होतं. तो आवाज लांब गेला.

"जा आता," ती म्हणाली. "आणि हे जिथे सांगायचं असतं तिथे जाऊन सांगा. मला एकटीला सांगून सुटू नका."

तो तिथून तडक सरकारी वकिलाच्या कचेरीत गेला. दोन तास बाकावर बसवून घेतल्यावर एका कारकुनाने त्याचं म्हणणं तीन पानांवर उतरवलं. लिहून झाल्यावर त्याने चष्म्यावरून पाहिलं. "स्वतःच्याच विरुद्ध तक्रार घेऊन येणारा तू या वर्षातला पहिलाच. गाडी कुठे आहे?"

"माझ्या वर्कशॉपात. उघडी करून ठेवलीय."

पण परत आला तर कुलूप तुटलेलं होतं आणि गाडी नव्हती. अवद आला होता, उंबऱ्यांची दशा पाहून त्याला काय ते समजलं होतं. दुसऱ्या एका रंगाऱ्याने चार दिवसांत सगळं पुन्हा बुजवलं आणि गाडी दक्षिणेकडच्या कुणाला तरी विकली गेली. कोणत्या गावाला, ते अवदने शेवटपर्यंत सांगितलं नाही. कचेरीत त्याने जबाब दिला की गंजाबद्दल त्याला काही माहीत नव्हतं, तो मालक आहे, मिस्त्री नव्हे. रंगाऱ्याचं डोकं अलीकडे बरं नसतं, अशी पुस्तीही जोडली. साक्षीला ना गाडी, ना कागद. उम्म नदाला तीनदा बोलावून नेलं. तिसऱ्यांदा तिच्या दिरांनी तिच्याशी भांडण काढलं. मेलेल्या माणसाला कचेऱ्यांतून का फिरवतेस, म्हणाले. वसंतात प्रकरण पुराव्याअभावी बंद झालं.

त्यानंतर बसयूनी फक्त एकाच पद्धतीने काम करू लागला. डाळीएवढा फोड असला तरी चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासणार, गेलेला भाग कापायला लावणार, दहा दिवस घेणार. नाहीतर गाडी घेऊन जा. टॅक्सीवाल्यांना दहा दिवस परवडणारे नव्हते. शिवाय जो स्वतःलाच पोलिसांत देतो, तो उद्या आपल्यालाही देईल, ही धास्ती. गल्लीत त्याला "वकीलसाहेब" म्हणू लागले. सकाळी वर्कशॉप उघडताना पलीकडचा डेंटर ओरडायचा, "वकीलसाहेब, आज कुणाला आत टाकायचं?" तो हात वर करायचा, जणू सलामच केलाय.

दीड वर्षाने वर्कशॉप बंद झालं. त्याआधी एकदा तो वरदियानला गेला होता. त्या तिसऱ्या मजल्यावर दुसरंच कुटुंब राहत होतं. शिवणकामवाली बाई मुलीला घेऊन कफर अल-दव्वारला भावाकडे गेली, शेजारणीने सांगितलं. पत्ता तिच्याकडे नव्हता, आणि असता तरी दिला नसता असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

आता तो जहाजं दुरुस्त करण्याच्या गोदीत आहे. कोरड्या गोदीत उभ्या केलेल्या जहाजाच्या पोटावरचा गंज टोकदार हातोड्याने ठोकून पाडायचा, पाळीच्या सुरुवातीपासून संपेपर्यंत. सगळीकडे एकाच वेळी चाळीस हातोडे चालू असतात. मुकादमाला कुणीतरी सांगितलं की हा एकेकाळचा नामांकित रंगारी आहे. त्याने बोलावून विचारलं, "स्प्रे गनवर घेऊ का तुला? सावलीतलं काम आहे."

"नको," बसयूनी म्हणाला. "हेच बरंय."

घरी येतो तेव्हा कानांत, कॉलरमध्ये, पापण्यांवर लाल धूळ असते. नगात कपडे वेगळ्या बादलीत भिजवते, तरी सगळ्या घरच्या टॉवेलांना तांबूस झाक आली आहे. हनान ईदला एकटी येते, नवऱ्याला आणत नाही. जेवताना नगात कधी कधी जुनं उकरून काढते, अवदने चौथी टॅक्सी घेतली असं सांगते, तुझ्या खरेपणाने कुणाचं भलं झालं ते तरी सांग, म्हणते. तो भाकरी मोडत राहतो. आधी तिला वाटायचं, मुद्दाम ऐकत नाही. मग एकदा त्याच्या पाठीमागे तिच्या हातून पितळेचं तबक पडलं आणि त्याने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही, तेव्हा तिला कळलं की हातोड्यांनी त्याचे कान खरोखरच गेले आहेत.